विद्यापीठातली नोकरी आणि आपल्या लेकी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण एखाद्या उपयोगी विषयावर बोलतो. कधी बाळंतिणीची काळजी, कधी बचतगटाचा हिशेब, कधी उन्हाळी वाळवण. ह्या वर्षी कार्यकारिणीने मला सांगितले, "तुमची मुलगी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकते, तेव्हा तिथल्या नोकऱ्या कशा मिळतात, ते आम्हांला समजेल असे सांगा." मी सातवी शिकलेली बाई. विद्यापीठावर मी काय बोलणार, असे प्रथम मनात आले. परंतु गेली चार-पाच वर्षे मुलीबरोबर बसून मी इतक्या जाहिराती वाचल्या आणि इतके दाखले काढले, की त्यातले थोडेफार आता कळू लागले आहे. जे वाचले व पाहिले तेवढेच सांगते. काही कमीजास्त झाल्यास आपण सांभाळून घ्यावे.

विद्यापीठ म्हटले की आपल्या गावात दोन गोष्टी ऐकू येतात. एक, "तिथं सगळे मोठे साहेब अन् प्राध्यापक, आपल्या पोरीले कोन घेते तिथं?" आणि दुसरी, "ओळख असल्याबिगर काही होत नाही." ह्या दोन वाक्यांनी आपल्या कितीतरी हुशार मुलींचे अर्ज भरण्याआधीच परत आणले आहेत. आज मला ह्या दोन वाक्यांविषयीच बोलायचे आहे.

आधी हे विद्यापीठ आपले कसे, ते सांगते. 1 जुलै 1998 ला वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्याआधी आपण अकोला जिल्ह्यातच होतो. अकोल्याचे कृषी विद्यापीठ 20 ऑक्टोबर 1969 रोजी स्थापन झाले. ते काही कोणी ताटात वाढून दिलेले नाही. विदर्भाला स्वतःचे कृषी विद्यापीठ हवे, म्हणून 1967 साली मोठे आंदोलन झाले, गोळीबार झाला, त्यात माणसे गेली. कोणाच्या तरी आईचे मूल त्यात गेले. त्या रक्ताने मिळालेल्या विद्यापीठाला आज डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. पंजाबराव अमरावती जिल्ह्यातील पापळ ह्या लहान गावचे, जन्म 1898 चा. खेड्यातून निघून ते परदेशी शिकून आले आणि पुढे 1952 पासून 1962 पर्यंत देशाचे कृषिमंत्री होते. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी हे विद्यापीठ आहे. तेव्हा अनसिंगच्या मुलीने तिथे अर्ज केला तर ती कोणाच्या दारी मागायला जात नाही, आपल्याच घराच्या दुसऱ्या खोलीत जाते असे मी समजते.

महाराष्ट्रात अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे 1968 चे, अकोल्याचे 1969 चे आणि दापोली व परभणी येथील 1972 ची. ह्यांची कामे तीन : शिकविणे, शोध लावणे आणि तो शोध शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणे. आपल्यापैकी बहुतेकींनी ह्यातले तिसरे काम पाहिले आहे. बचतगटाच्या बाया ज्या मिनी दाल मिलवर तुरीची डाळ काढतात, ती पीकेव्ही दाल मिल ह्याच अकोल्याच्या विद्यापीठाने तयार केली. सोयाबीनचे अंबा नावाचे वाण पेरतात, तेही ह्याच विद्यापीठाचे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. डाळीचे यंत्र एकट्या प्राध्यापकाने केले नाही. त्याचा आराखडा काढणारा इंजिनिअर होता, लोखंड कापणारा कारागीर होता, डाळ किती निघाली आणि चुरी किती पडली हे मोजून लिहून ठेवणारा कोणी होता, आणि त्याचा हिशेब ठेवणारा लिपिकही होता. विद्यापीठ म्हणजे एक मोठे खटल्याचे घर आहे. त्यात कर्ता एक असतो, पण घर चालते ते दहा जणांच्या हातांनी. ह्या दहा हातांच्या जागा कोणत्या, हे आपण कधी विचारीत नाही.

त्या जागा मी वरून खाली सांगते.

सर्वांत वर शिकविणारे व संशोधन करणारे. त्यातली पहिली पायरी म्हणजे सहायक प्राध्यापक. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ह्या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये आहे. त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते, आणि बहुतेक विषयांत नेट किंवा सेट ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. शेतीच्या विषयांची नेट दिल्लीचे कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ घेते. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठासारख्या इतर विद्यापीठांत जे विषय आहेत, म्हणजे मराठी, इतिहास, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, त्यांची नेट राष्ट्रीय चाचणी संस्था घेते, आणि आपल्या राज्याची सेट परीक्षा पुण्याचे विद्यापीठ घेते. सहायक प्राध्यापक होण्यासाठी जी नेट व सेट द्यायची, तिला वयाची वरची मर्यादा नाही. म्हणजे दोन मुलांची आई झाल्यावरही ही परीक्षा देता येते. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश बोलले, कारण समोर तीन-चार एम.ए. झालेल्या सुना बसल्या आहेत.

त्याखाली संशोधन सहायक. एम.एस्सी. झालेल्यांसाठी वरिष्ठ संशोधन सहायक आणि बी.एस्सी. कृषी झालेल्यांसाठी कनिष्ठ संशोधन सहायक. त्यांचे काम प्रयोगाच्या शेतात व प्रयोगशाळेत. कोणत्या वाफ्यात कोणते वाण, फूल कधी आले, शेंगा किती धरल्या, कीड किती, हे सगळे रोजच्या रोज टिपून ठेवायचे. त्याखाली कृषी सहायक. कृषी तंत्र पदविका घेतलेल्या मुलामुलींनाही ह्या वाटेने पुढे येता येते.

मग तंत्राच्या जागा. प्रयोगशाळा सहायक, प्रयोगशाळा परिचर, यंत्रे व वीज सांभाळणारे, संगणक चालविणारे, ग्रंथालयातले. आता विद्यापीठात माती तपासायची यंत्रे आहेत, हवामान मोजायची यंत्रे आहेत, ड्रोन आहेत, सगळ्या परीक्षा आणि सगळे अर्ज संगणकावर आहेत. ही यंत्रे सांभाळणारे माणूस लागतेच. आय.टी.आय. केलेली, तंत्रनिकेतनची पदविका घेतलेली, संगणकाची पदवी घेतलेली मुलगी म्हणते, "मी तर शेतीची शिकले नाही, मला कृषी विद्यापीठाशी काय करायचे?" तिने जाहिरात शेवटपर्यंत वाचावी, एवढेच माझे म्हणणे.

लिपिकाच्या जागेला पदवी, संगणकाची एमएस-सीआयटी आणि टंकलेखन लागते. मराठी मिनिटाला 30 शब्द किंवा इंग्रजी 40 शब्द. हे टंकलेखन आपल्या मुली सुटीत शिकू शकतात. मशीन शिकलेली मुलगी उपाशी राहत नाही, असे आपल्या आया शिलाई मशीनबद्दल म्हणत. आता ते ह्या मशीनलाही लागू आहे.

आणखी एक ठिकाण आपल्या फार जवळ आहे. आपल्या जिल्ह्यात रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. अशी केंद्रे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पहिले 1974 साली पुदुच्चेरीला निघाले. एका केंद्रात साधारण 16 पदे धरलेली असतात. एक प्रमुख, सहा विषय विशेषज्ञ, तीन कार्यक्रम सहायक, आणि बाकी कार्यालय, वाहन व मदतीची माणसे. तीन कार्यक्रम सहायकांत एक संगणकाचा आणि एक प्रयोगशाळेचा असतो. विषय विशेषज्ञांत गृहविज्ञान हा विषयही असतो. सोयाबीनचे दूध व पनीर कसे करावे, परसबागेत भाजी कशी लावावी, हे शिकवायला ज्या ताई गावोगाव येतात, त्या ह्या विषयाच्या. स्वयंपाकघरातले ज्ञान हे पदवीचे ज्ञान आहे, आणि त्याला पगाराची जागा आहे, हे त्यांना पाहून मला प्रथम कळले. परभणीच्या कृषी विद्यापीठात ह्या शिक्षणाचे महाविद्यालय आहे. त्याला पूर्वी गृहविज्ञान म्हणत, आता सामुदायिक विज्ञान म्हणतात. परभणी आपल्याला काही परदेश नाही. वाशीमहून रेल्वेने पूर्ण्यावरून जाता येते.

आता तिसऱ्या प्रकारच्या जागा. ह्या कायमच्या नसतात, पण शिकणाऱ्या मुलीला फार उपयोगाच्या असतात. सरकार एखाद्या संशोधनासाठी दोन-तीन वर्षे पैसा देते. त्या पैशातून विद्यापीठ संशोधन छात्र व प्रकल्प सहायक नेमते. नेटमध्ये वरचे गुण मिळवून जी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळते, तिची रक्कम 1 जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये झाली आहे, घरभाडे वेगळे. म्हणजे पीएच.डी. करताना बापाकडे पैसे मागावे लागत नाहीत. ह्या छात्रवृत्तीला वयाची अट आहे, 30 वर्षांची. पण स्त्रियांना त्यात 5 वर्षांची सूट आहे. पीएच.डी.चे 2022 चे जे नियम आहेत, त्यात स्त्रियांना 240 दिवसांची बाळंतपणाची व बालसंगोपनाची रजा धरली आहे, आणि पूर्ण करण्याच्या मुदतीत दोन वर्षे जादा दिली आहेत. संसारात पडल्यामुळे ज्यांचे संशोधन सुटले, त्यांना परत यायला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2002 च्या सुमारास वेगळी योजना सुरू केली; आता ती वाइज-किरण ह्या नावाने चालते. "लग्न झाले, आता शिक्षण संपले," असे म्हणणाऱ्या सासवांना, म्हणजे आपल्यालाच, हे माहीत असले पाहिजे.

काही भगिनी म्हणतील, बाई, हे सगळे पुरुषांच्या जगातले आहे. म्हणून एक खरी हकिकत सांगते. कमला भागवत नावाची मुलगी. साहित्यिक दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने घेतली आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. तिथले संचालक साक्षात नोबेल पारितोषिक मिळविलेले सर चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनी मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. बंगलोरला गेल्या, कारण विचारले, आणि नकार मान्य करणार नाही असे ठणकावून सांगितले. शेवटी पहिले वर्ष कच्चे धरण्याच्या अटीवर त्यांना घेतले. वर्ष संपता संपता त्यांचे काम पाहून पक्के केले, आणि त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. 1939 साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या, मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या, आणि पुढे तिच्या संचालक झाल्या. त्यांचे संशोधन कशावर? डाळी, कडधान्ये आणि नीरा ह्यांतल्या पोषणावर. म्हणजे आपल्याच डब्यांतल्या वस्तूंवर.

आणि त्याहून जवळचे सांगू? कपाशीचे संकरित बी कसे तयार होते, ते आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिले असेल, काहींनी मजुरीने केलेही असेल. उमलायच्या आधी कळीतले पुंकेसर हलक्या नखाने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचा पराग त्या फुलाला लावायचा. कळीला धक्का लागू द्यायचा नाही. हे काम बायकांच्याच बोटांनी होते. शास्त्राच्या शेतात बाईचा हात पहिल्यापासून आहे. तिचे नाव हजेरीपटावर मजुरीच्या रकान्यात आहे, पदाच्या रकान्यात नाही, एवढाच फरक. तो फरक आपल्या लेकींनी पुसायचा आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझ्या पाहण्यात असे आले आहे की, आपल्या मुली गुणांनी मागे पडत नाहीत. त्या कागदाने मागे पडतात आणि तारखेने मागे पडतात.

आपल्या ओळखीतल्या एका मुलीचे उदाहरण आहे, नाव घेत नाही. प्रयोगशाळेतल्या जागेची जाहिरात आली. शिक्षण बसत होते, वय बसत होते, गुण चांगले होते. जातीचे प्रमाणपत्र होते, पण वैधता नव्हती. वैधतेसाठी जुना पुरावा हवा. आजोबांचा शाळेचा दाखला शोधता शोधता अर्जाची मुदत संपली. पुन्हा तशी जाहिरात निघायला किती वर्षे लागतील, ते कोण सांगणार? तोपर्यंत तिचे लग्न झाले. मुलगी सुखात आहे, पण यंत्रापुढे बसायचे तिचे स्वप्न पेटीत राहिले ते राहिलेच.

म्हणून भगिनींनो, कागदांचे मी थोडे विस्ताराने सांगते. हे काम आईचे आहे. मुलगी अभ्यास करील, आईने फाइल करावी.

पहिला, जातीचा दाखला आणि त्याची वैधता. दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो, वैधता पडताळणी समितीकडून. पुरावा जुना लागतो आणि प्रत्येक प्रवर्गाची तारीख ठरलेली आहे. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. ह्या तारखेच्या आधीचा कागद मिळाला तर काम सोपे होते. आपल्याकडे आजा-पणजाची कोतवाल बुकाची नक्कल आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा ह्या कामी येतो. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या की कोणत्या गावात, कोणत्या शाळेत नाव होते. ती गेली की विचारणार कोणाला?

दुसरी गोष्ट आपण बायकांनी विशेष लक्षात ठेवावी. लग्न झालेल्या बाईची जात कागदावर वडिलांकडून धरतात, नवऱ्याकडून नाही. म्हणून सुनेचे कागद माहेरी असतात. मुलीची पाठवणी करताना आपण तिच्याबरोबर भांडी देतो, साड्या देतो, शिदोरी देतो. त्यात एक पिशवी कागदांचीही द्यावी : जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता, अधिवासाचा दाखला. आणि सून घरी आली की ती पिशवी कपाटात तिच्या हाताला येईल अशी ठेवू द्यावी. माहेरच्या भावानेही बहिणीने दाखला मागितला तर "आता कशाले लागते?" असे म्हणू नये.

तिसरी गोष्ट, नाव. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधारकार्डावर सासरचे. कागद तपासणीच्या दिवशी ह्यावरून मुली अडतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवावा, आणि नाव बदलले असल्यास राजपत्रातली नोंद करून घ्यावी. नाव बदललेच पाहिजे असे नाही. लग्नानंतर माहेरच्याच नावाने कागद चालू ठेवता येतात.

चौथी गोष्ट, आरक्षण. महाराष्ट्रात सरकारी भरतीत स्त्रियांसाठी 30 टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत स्त्रियांच्या जागा असतात. खुल्या प्रवर्गातील स्त्रियांना त्यासाठी नॉन क्रिमिलेअरचा दाखला लागे. ती अट 2023 साली काढून टाकली. मागासवर्गीय भगिनींपैकी अनुसूचित जाती व जमाती सोडून इतरांना तो लागतो, आणि तो मुदतीचा असतो. दाखल्यावरची मुदत पाहून ठेवावी. वयाची अट राज्याच्या नोकरीत साधारणपणे खुल्यांना 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षे असते. पण साधारणपणे म्हणजे नेहमी नव्हे. त्या त्या जाहिरातीत काय छापले आहे तेच खरे.

पाचवी गोष्ट, जाहिरात कशी वाचावी. आपण बातमी वाचतो आणि म्हणतो, "जागा निघाल्या." बातमी ही जाहिरात नव्हे. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जी पूर्ण जाहिरात असते, तिला क्रमांक असतो, तारीख असते. त्यात चार गोष्टी बोट ठेवून वाचायच्या : शिक्षण काय, वय कोणत्या तारखेला मोजणार, आपल्या प्रवर्गात स्त्रियांच्या जागा किती, आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नये. वीज जाते, मोबाईलची रेंज जाते, पैसे अडकतात. निम्म्या मुदतीत अर्ज गेला पाहिजे, असा नियमच करावा.

आता ओळखीबद्दल. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी एक गृहस्थ आले. चहा घेतला, आणि म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीचे काम करून देतो, वर माझी ओळख आहे, थोडा खर्च येईल." रक्कम ऐकून आमच्या घरचे गप्प झाले. मी विचारले, "भाऊ, जाहिरातीचा क्रमांक काय?" त्यांना सांगता आला नाही. "शेवटची तारीख कोणती?" तेही नाही. मी म्हटले, "मग आधी तेवढे घेऊन या." ते पुन्हा आले नाहीत. भगिनींनो, वावर विकून नोकरी घेऊ नका. नोकरी मिळाली नाही तर वावर गेले, आणि मिळाली तरी मान खाली घालूनच बसावे लागते. परीक्षेचे शुल्क जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे भरावे, त्यापलीकडे एक रुपयाही कोणाच्या हातावर ठेवू नये.

खरे सांगायचे तर कडू बाजूही सांगितली पाहिजे. विद्यापीठातल्या जागा फार निघत नाहीत. कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि भरती लांबते. महाविद्यालयांत नेट-सेट झालेली मुले-मुली तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन, पाच-पाच, दहा-दहा वर्षे शिकवीत आहेत. सुटीचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. आपल्या मुलीने असे काम घेतले तर तिला हिणवू नये. त्यातून अनुभव मिळतो. पण त्याच खुर्चीवर आयुष्य काढायचे नाही, म्हणून दुसरीकडे अर्ज करीत राहावे. विदर्भाबाहेर जायची तयारी ठेवावी. एकट्या मुलीला राहुरीला, दापोलीला, पुण्याला कसे पाठवावे, ही काळजी मलाही वाटते. मुलगी अकोल्याच्या वसतिगृहात प्रथम राहिली, तेव्हा महिनाभर मला घास गोड लागला नाही. पण मुलाला पाठविताना आपण जेवढा विचार करतो तेवढाच मुलीलाही पाठविताना करावा, त्याच्या दुप्पट करू नये.

आणि नोकरी नाहीच लागली तर? तर शिकणे फुकट गेले असे म्हणू नये. जी मुलगी माती तपासायला शिकली, ती आपल्याच वावराची माती तपासेल. जी संगणक शिकली, ती गावातल्या दहा जणींचे अर्ज नीट भरून देईल. परंतु हे समाधान शेवटचे आहे, पहिले नव्हे. आधी अर्ज केला पाहिजे. न केलेल्या अर्जाला नकारसुद्धा मिळत नाही.

नुसते बोलून उपयोग नाही, म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवते.

पहिली, मंडळाने एक जाहिरात-वही ठेवावी. आपल्याकडे शिकलेल्या मुली आहेत, त्यांच्या हातात मोबाईल आहेत. त्यांनी पाळीपाळीने आठवड्यातून एकदा अकोल्याच्या, परभणीच्या, अमरावतीच्या विद्यापीठांची व करड्याच्या केंद्राची जाहिरात आली का ते पाहावे आणि वहीत पद, शिक्षण व शेवटची तारीख लिहावी. भजनाला जमलो की आधी वही वाचावी, मग टाळ घ्यावेत.

दुसरी, दर उन्हाळ्यात मंडळाने एक कागदांचा दिवस ठरवावा. बारावी झालेल्या प्रत्येक मुलीची फाइल त्या दिवशी उघडून पाहावी. कोणता दाखला नाही, कोणाची मुदत संपत आली, हे तिथेच कळेल. वैधतेचा अर्ज जागा निघाल्यावर करायचा नसतो, आधी करून ठेवायचा असतो. मिरच्या भादव्यात वाळत नाहीत, चैत्रातच वाळवून ठेवाव्या लागतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तिसरी, अकोल्याच्या विद्यापीठात दरवर्षी शिवारफेरी असते. शेतकऱ्यांना सगळे प्रयोग, वाण, यंत्रे दाखवितात. आपल्या घरचे पुरुष जातात, बियाणे पाहून येतात. ह्या वेळी मंडळाची एक गाडी जावी आणि तिच्यात नववी ते बारावीच्या मुली असाव्यात. त्यांनी बियाणे पाहावेच, पण ती प्रयोगशाळा चालविणारी बाई कोण आहे, तिने काय शिक्षण घेतले, ती कोणत्या गावची, हेही विचारून यावे. माझी खात्री आहे, त्यातली एखादी तरी आपल्यासारख्याच गावातून आलेली निघेल. पुस्तकातल्या दहा गोष्टींपेक्षा तिच्याशी पाच मिनिटे बोलणे मुलींच्या अधिक लक्षात राहील.

खर्चाचे म्हणाल, तर ह्या वर्षी हळदीकुंकवाचे वाण म्हणून आपण प्लास्टिकचे डबे वाटले. पुढच्या वर्षी डब्याऐवजी कागद ठेवायची चांगली फाइल वाटावी, असे मी सुचविते. डबे आपल्या घरात पुष्कळ झाले आहेत.

ह्या सूचनांवर अध्यक्षीणबाईंनी आजच विचार करावा आणि वही कोण ठेवणार हे नाव आजच लिहून घ्यावे, अशी विनंती आहे. वहीचे पहिले तीन महिने मी सांभाळीन. इंग्रजी शब्द आले तर मुलींना विचारीन.